चोवीस गुरू करणारी नजर

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मार्गशीर्ष पौर्णिमेला सायंकाळी दत्तजन्माचा पाळणा हलतो, फुले उधळली जातात, सुंठवडा हातावर पडतो आणि आठवडाभर चाललेल्या गुरुचरित्राच्या पारायणाचे सार्थक झाल्यासारखे वाटते. मन भरून येते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी काय होते ते ज्याचे त्याला ठाऊक! गुडघा कालच्याइतकाच दुखतो. चहाला जरा उशीर झाला की जीभ कडू होते. धाकट्या भावाने वाटणीच्या वेळी काय केले ते पुन्हा आठवते. देवळातून आणलेली प्रसन्नता दुपारपर्यंतसुद्धा पुरत नाही.

अशा वेळी घरातली तरुण मंडळी म्हणतात, "आजोबा, जरा सकारात्मक विचार करा ना!" मोबाईलवरही रोज सकाळी फुलांच्या चित्राखाली हाच उपदेश लिहून येतो. आणि आपल्यातल्या पुष्कळांच्या मनात येते, "सांगायला काय जातंय? दुखतंय ते माझं."

मंडळी, हा वैताग अगदीच चुकीचा नाही. सकारात्मक विचार म्हणजे दुखत असताना दुखत नाही म्हणणे असेल, तर ती स्वतःची फसवणूक झाली. पोटात कालवाकालव होत असताना तोंडावर हसू ठेवणे हे नाटक झाले. ते चार दिवस जमते, पाचव्या दिवशी थकवा येतो. दत्तसंप्रदायाने असे नाटक करायला कधीच सांगितलेले नाही. पण मन उजळ ठेवण्याची एक पक्की रीत मात्र त्याने दिली आहे. ती रीत म्हणजे अवधूताचे चोवीस गुरू.

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात, सात ते नऊ या तीन अध्यायांत, ही कथा येते. तिथल्या अवधूताला आपली परंपरा दत्तात्रेय म्हणूनच ओळखते. याच स्कंधावर नाथमहाराजांनी मराठीत विस्ताराने टीका लिहिली आणि शके 1495 मध्ये, म्हणजे इसवी सन 1573 मध्ये, ती काशीक्षेत्री पूर्ण केली. नाथांचे गुरू देवगिरीचे जनार्दनस्वामी हे थोर दत्तभक्त. त्यामुळे हा भाग आपल्या घरचाच आहे. चोवीस गुरूंची यादी आपल्यापैकी अनेकांना तोंडपाठ असेल. पण ही कथा कोणी, कोणाला आणि कधी सांगितली, तिकडे आपले लक्ष कमी जाते.

भगवान श्रीकृष्णांनी ही कथा उद्धवाला सांगितली, ती द्वारकेच्या अगदी शेवटच्या दिवसांत. यादवकुळाचा अंत जवळ आलेला आहे. आजपासून सातव्या दिवशी समुद्र ही नगरी बुडवील, असे देवांनी उद्धवाला स्पष्ट सांगितले आहे. ज्याच्या पंक्तीला जेवलो, ज्याच्यासोबत आयुष्य काढले, तो सखा निघाला आहे. उद्धवाचा जीव कासावीस झाला आहे. अशा माणसाला देव काय सांगतात? "रडू नकोस, सगळं ठीक होईल," असे ते म्हणत नाहीत, कारण द्वारका बुडणारच आहे. "दुसरीकडे बघ, मन रमव," असेही म्हणत नाहीत. ते त्याला आपल्याच एका पूर्वजाची, यदुराजाची, गोष्ट सांगतात. अंधार दाटत असताना दिवा कसा धरावा, हे त्या गोष्टीत आहे.

यदुराजाला एकदा एक तरुण अवधूत भेटला. अंगावर वस्त्राची फिकीर नाही, उद्याच्या जेवणाची सोय नाही, घरदार नाही, आणि चेहऱ्यावर मात्र आनंद! राजाला नवल वाटले. तो म्हणाला, "महाराज, लोक कामाच्या आणि लोभाच्या वणव्यात होरपळत आहेत. तुम्हाला त्याची झळसुद्धा लागत नाही. गंगेच्या पाण्यात उभ्या असलेल्या हत्तीला रानातला वणवा लागू नये, तसे तुम्ही दिसता. हा आनंद आला कुठून?"

बघा, प्रश्न किती नेमका आहे! वणवा नाही असे राजा म्हणत नाही आणि अवधूतही म्हणत नाही. वणवा आहेच. फरक हत्ती कुठे उभा आहे याचा आहे. अवधूताने उत्तर दिले, "राजा, मला पुष्कळ गुरू आहेत. मी बुद्धीने त्यांचा आश्रय केला."

'बुद्धीने' हा शब्द मनात जपून ठेवावा. पृथ्वीने अवधूताला बोलावून उपदेश केला नव्हता. कोळी त्याच्या कानात मंत्र सांगायला आला नव्हता. पिंगलेला तर आपण कोणाचे गुरू झालो आहोत याचा पत्ताही नव्हता. चोवीसांतल्या एकालाही आपण गुरू आहोत हे ठाऊक नाही. गुरुत्व आले ते पाहणाऱ्याच्या नजरेतून. तीच पृथ्वी, तोच वारा, तोच चंद्र आपल्याही समोर आहेत. आपण त्यांच्या शेजारून रोज जातो. अवधूत थांबला आणि त्याने विचारले, "तू मला काय शिकवतोस?" आपणही थांबतो, नाही असे नाही. पण आपला प्रश्न वेगळा असतो. आपण विचारतो, "हे माझ्याच वाट्याला का?"

माझ्या अल्पमतीप्रमाणे मनाची उभारी आणि मनाची खचण यांत एवढेच अंतर आहे. घडलेली गोष्ट तीच असते. तिला आपण कोणता प्रश्न विचारतो, यावर पुढचे सगळे ठरते. पहिला प्रश्न आपल्याला विद्यार्थी करतो, दुसरा फिर्यादी. विद्यार्थी रोज थोडा वाढतो. फिर्यादी मात्र निकालाची वाट बघत त्याच बाकावर म्हातारा होतो.

आता या यादीतली आणखी एक गंमत बघा. अवधूताने काय फक्त सुखी, यशस्वी, थोर मंडळीच गुरू केली? मुळीच नाही. दिव्यावर झेपावून जळणारा पतंग, स्पर्शाच्या मोहाने खड्ड्यात पडणारा हत्ती, गाण्याला भुलणारे हरीण, गळाला लागणारा मासा, पिलांमागोमाग जाळ्यात उडी घेणारे कबुतर, या पाचही जणांचा घात झाला. तरी अवधूताने त्यांना नावे ठेवली नाहीत. "मूर्ख होते, मेले," असे म्हणून तो पुढे गेला नाही. त्यांनाही त्याने गुरूच म्हटले. म्हणजे दुःखाकडे पाठ फिरवणे ही दत्तमहाराजांची रीत नाही. दुःखाकडे नीट बघायचे, त्यातून शहाणपण उचलायचे आणि त्यासाठी हात जोडायचे, ही त्यांची रीत.

हे सगळे आपल्या ओसरीवर आणून बघू या.

वय झाले की पहिली तक्रार शरीराची. काल जिना चढत होतो, आज कठड्याला धरावे लागते. अवधूताला इथे चंद्र गुरू भेटला. कला वाढतात, कला घटतात, पण त्या घटल्याने चंद्र घटत नाही. देहाला सहा अवस्था आहेत, आत्म्याला नाहीत, हा त्याचा तात्त्विक अर्थ. पण साध्या संसारी माणसालाही यातून धीर मिळतो. माझे चालणे कमी झाले, म्हणून मी कमी झालो नाही. पंढरीची वारी पायी होत नसेल, पण नातवाला शेजारी बसवून वारीची गोष्ट सांगता येते ना? जी कला उरली आहे, तिच्या उजेडात आजचे काम करावे. अमावास्येच्या धास्तीने अष्टमीची रात्र कशाला घालवायची?

दुसरी तक्रार जिव्हाळ्याची. मुलगा परगावी आहे, फोन करीन म्हणाला होता, रात्रीचे दहा वाजले तरी केला नाही. आई फोनजवळच बसून आहे. मध्येच फोन उचलून बघते, तो चालू आहे ना याची खात्री करते, पुन्हा ठेवते. अवधूताची पिंगला अशीच होती. विदेह नगरीतली ती वेश्या धन देणाऱ्या पुरुषाची वाट बघत मध्यरात्रीपर्यंत दारातून आत, आतून दारात अशा येरझारा घालत राहिली. मायमाउलींनो, पिंगलेचे नाव घेतले म्हणून दचकू नका. अवधूताने तिला गुरू म्हणून नमस्कार केला आहे. कोणीच आले नाही, तेव्हा तिला तिच्या वाट पाहण्याचाच वीट आला. "माझ्या हृदयात सदैव राहणारा सोडून मी हे कोणाची वाट बघते आहे?" असे तिच्या मनात आले. तिने आशा सोडली आणि ती शांत झोपली.

मुलावरचे प्रेम सोडावे, असा याचा अर्थ नाही. आपल्या सुखाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात ठेवू नये, एवढाच अर्थ. रात्री दहापर्यंत फोन आला नाही, तर देवापुढचा दिवा सारखा करावा, नाम घ्यावे आणि निजावे. सकाळी आपणच फोन लावावा, आणि "विसरलास ना?" या शब्दांनी सुरुवात न करता "जेवलास का रे?" असे विचारावे. पुढच्या वेळी फोन करायला त्याचाही हात पुढे होईल. नाही झाला, तरी आपली रात्र तरी वाया गेलेली नसेल.

तिसरी तक्रार जमिनीची, पैशाची, मानाची. बांधावरून वाद, घराच्या खोल्यांवरून वाद, लग्नात आहेर कमी केला म्हणून पंधरा वर्षांचा अबोला. इथे कुरर पक्षी गुरू आहे. त्याच्या चोचीत मांसाचा तुकडा होता, तोवर बलवान पक्षी त्याच्यावर तुटून पडले. त्याने तुकडा टाकला आणि त्याच क्षणी तो सुटला. हक्काचे मागू नये, असे मी म्हणत नाही. कागदपत्रे नीट ठेवावीत, जे न्यायाचे ते मागावे, वेळच्या वेळी लिहूनही ठेवावे. पण काही तुकडे असे असतात की त्यात आता काही चव उरलेली नसते, चोच मात्र उघडत नाही. आहेराचा अबोला हा तसला तुकडा. तो टाकायला कोर्टाची तारीख लागत नाही. संक्रांतीला तिळगुळाची एक पुडी पुरते.

पृथ्वीकडून अवधूत सोसणे शिकला. लोक तिला तुडवतात, नांगरतात, खणतात, पण ती आपला मार्ग सोडत नाही. इथेही गैरसमज होतो. सोसणे म्हणजे कोणीही यावे आणि लाथ मारावी, हे नव्हे. घरात कोणी छळत असेल, फसवत असेल, तर बोलले पाहिजे, मदत मागितली पाहिजे. पृथ्वीचा धडा असा की दुसऱ्याच्या वागण्याने मी माझा धर्म सोडणार नाही. तो तुसड्यासारखा बोलला म्हणून माझी जीभ मी तुसडी होऊ देणार नाही. त्याच्या वागण्याचा मालक तो, माझ्या वागण्याचा मी.

आता गुरुचरित्राकडे येऊ. अठराव्या अध्यायातली घेवड्याच्या वेलाची कथा आपण दर पारायणात वाचतो. कृष्णा-पंचगंगेच्या परिसरात अमरापूर गावी एक दरिद्री ब्राह्मण भिक्षेवर संसार चालवीत होता. दारात घेवड्याचा वेल होता. ज्या दिवशी भिक्षा मिळत नसे, त्या दिवशी त्या घेवड्यावर घर जेवत असे. श्रीनृसिंह सरस्वती भिक्षेला आले. घरात होती ती घेवड्याची भाजी त्यांना वाढली. महाराज जेवले, तृप्त झाले, "तुझं दारिद्र्य गेलं" असा आशीर्वाद दिला, आणि निघताना तो वेलच उपटून टाकला!

बायकोने आकांत केला. का नाही करणार? लेकरांच्या तोंडचा घास गेला होता. तिच्या रडण्याला आपण बोल लावू नये. नवऱ्याने तिला समजावले. "गुरूंना दोष देऊ नकोस. देणारा ईश्वर आहे, तो आपल्याला टाकणार नाही," अशा अर्थाचे तो बोलला आणि वेलाचे मूळ काढायला त्याने खणायला घेतले. तिथे धनाने भरलेला हंडा लागला.

कथेतला हंडा आपल्या सगळ्यांच्या लक्षात राहतो. माझी विनंती आहे की हंड्याच्या आधीचा क्षण लक्षात ठेवावा. नवरा ते शब्द बोलला, तेव्हा त्याला हंडा दिसला नव्हता. समोर फक्त उपटलेला वेल होता. हंडा मिळाल्यावर गुरूंची थोरवी कोणीही गाईल. वेल गेल्यावर ज्याचे मन गुरूंवरून उठले नाही आणि ज्याने हातात कुदळ घेतली, त्याची श्रद्धा खरी.

इथे एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून चालणार नाही. "आमचा वेल गेला हो, पण खणून खणून हंडा काही लागला नाही. त्याचं काय?" कोणाचा जोडीदार गेला आहे. कोणाचे तरुण मूल गेले आहे. तिथे कुठला हंडा शोधायचा? अशा माणसाला "यातही काही चांगलं असेल" असे म्हणणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे. आपण कोणीही तसे बोलू नये. त्याच्या शेजारी बसावे, त्याला पाणी द्यावे, त्याचे ऐकावे. भगवंतांनीही उद्धवाचे दुःख आधी ऐकून घेतले, मग कथा सांगितली.

ज्याच्यावर स्वतःवर असा प्रसंग आला आहे, त्याला गुरुचरित्राच्याच चाळिसाव्या अध्यायातला नरहरी आधार देईल. कुष्ठाने ग्रासलेला हा ब्राह्मण गाणगापुरी गुरुचरणी आला. महाराजांनी त्याला औदुंबराचे एक वाळके लाकूड दिले आणि सांगितले, "हे संगमावर रोव आणि रोज पाणी घाल." लोक हसले. सुक्या लाकडाला पाणी घालून कधी पालवी फुटते का? "कशाला शिणतोस?" असेही म्हणाले. नरहरी पाणी घालत राहिला. त्याला पालवीची खात्री नव्हती, गुरुवचनाची होती. पुढे महाराज स्वतः आले, कमंडलूतले जल शिंपडले आणि काष्ठाला पालवी फुटली. नरहरीचा देहही निर्मळ झाला.

पालवी महाराजांनी फोडली. नरहरीच्या हातात होते ते फक्त रोजचे पाणी. दुःखाच्या दिवसांत आपल्याही हातात एवढेच असते. सकाळी उठणे, स्नान करणे, दोन घास खाणे, दत्तनामाची एक माळ ओढणे, दारातल्या तुळशीला पाणी घालणे. हे उत्साहाने होत नसेल तर उत्साहावाचून करावे. त्यालाही मी सकारात्मक वृत्तीच म्हणेन, कदाचित सर्वांत खरी. आणि आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्न गोड लागत नाही, जगणे नकोसे वाटते अशी स्थिती असेल, तर घरच्यांना सांगावे, डॉक्टरांकडे जावे. औषध घेणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे नव्हे. तेही काष्ठाला पाणी घालणेच आहे.

शेवटचा, चोविसावा गुरू कुंभारमाशी. तिने भिंतीतल्या घरात कोंडलेली अळी भीतीने सतत तिचेच ध्यान करते आणि शेवटी तिच्यासारखीच होते, असा हा दृष्टांत. मन ज्याचे ध्यान करते, तसे ते होते. दिवसभर भावाच्या कपटाचे चिंतन केले, तर संध्याकाळी तेच कपट आपल्या डोळ्यांत उतरलेले असते. दिवसभर दत्ताचे चिंतन केले, तर दत्ताची थोडी तरी नजर आपल्याला लाभते.

मग करायचे काय? मोठे व्रत नको, उपवास नको. रोज दिवेलागणीला देवापुढे बसल्यावर तीन गोष्टी मनाशी बोलाव्यात. आज मला काय टोचले, ते खरे खरे सांगावे. दत्तमहाराजांपाशी लपवायचे काय? मग विचारावे, "यात माझा गुरू कोण होता आणि त्याने काय शिकवलं?" उत्तर रोज मिळेलच असे नाही. नाही मिळाले, तर प्रश्न महाराजांच्या पायाशी ठेवून उठावे. आणि तिसरे म्हणजे, उद्या करायची एक लहानशी कृती ठरवावी. सुनेने केलेल्या भाजीला "छान झाली गं" म्हणेन. थांबवलेले फिरणे कोपऱ्यापर्यंत तरी सुरू करीन. अमक्याला आपण होऊन हाक मारीन. विचार कृतीत उतरला तरच मुरतो, नाहीतर तो सुविचारांच्या वहीत राहतो.

चोवीस गुरू आहेत. येत्या जयंतीपासून दर पंधरवड्याला एक गुरू मनात धरला, तर पुढच्या जयंतीपर्यंत सगळ्यांची उजळणी होते. "आता या वयात काय शिकायचं?" असे कोणी म्हणेल. द्वारका बुडायला सात दिवस उरले होते, तेव्हा उद्धव शिकायला बसला. आपल्याकडे त्याहून जास्त दिवस असतील किंवा कमी, ते महाराजांना ठाऊक. उद्या सकाळी चहाला उशीर होईल, तेव्हा मात्र पहिला गुरू दारात उभा असेल. त्याला नमस्कार करायचा की त्याच्यावर चिडायचे, एवढे आपल्या हातात आहे.

दत्तमहाराज आपणा सर्वांना ती नजर देवोत, हीच जयंतीच्या मंगलदिनी त्यांच्या चरणी प्रार्थना.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥